खरकट्यापासून जैववायू : वाहक द्रव्यांचे कार्य आणि मर्यादा

वसई तालुक्यातील आगाशी हे गाव सुकेळीसाठी प्रसिद्ध आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवावयाची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवावयाची, एवढीच या पदार्थाची कृती. उन्हाने फळातील पाणी निघून जाते आणि पाणी गेले म्हणजे सूक्ष्मजीवांचा व्यापार थांबतो. म्हणून सुकेळे टिकते. सोलताना निघालेल्या सालीच्या वाट्याला मात्र हे ऊन येत नाही. फळाच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा भरणारी ही साल ओलीच राहते आणि दोन-तीन दिवसांत आंबू लागते. घरोघरचे खरकटे, भाजीच्या वाड्यांतील सडका पाला, शेजारच्या अर्नाळ्यात मासळी साफ करताना उरणारी आतडी व खवले यांचीही गत हीच. असा ओला कचरा हवाबंद टाकीत कुजविला असता त्यापासून जळाऊ वायू मिळतो, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. खरकट्याची टाकी शेणाच्या टाकीपेक्षा फार लवकर बिघडते, ही गोष्ट तितकी परिचित नाही. या बिघाडावर कोळसा, मॅग्नेटाइट यांसारख्या वीजवाहक द्रव्यांची मात्रा देण्याचा उपाय २०१० नंतरच्या संशोधनातून पुढे आला आहे. तो कसा चालतो आणि कोठवर चालतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दलदलीतून निघणारा वायू पेट घेतो हे व्होल्टा याने १७७६ मध्ये इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी पाहिले, तेव्हापासून या विषयाचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो. मुंबईचा त्याच्याशी आलेला संबंधही जुना आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात मैल्याच्या टाकीवर वायू जमविण्याची योजना केल्याची नोंद १८९७ सालची आहे. हे आश्रयगृह १८९० मध्ये ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ मराठीच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असतात. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचे गोबर गॅस संयंत्र सिद्ध केले, खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून त्याचा पुरस्कार केला, आणि 'गोबर गॅस' हा शब्द खेडोपाडी रूढ झाला. या शब्दाने एक गैरसमजही रूढ केला. वायू शेणातून निघतो, तेव्हा शेण हाच त्याचा खरा कच्चा माल, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली. वस्तुतः शेण म्हणजे गाईच्या पोटातून जाऊन उरलेला चोथा होय. पचण्याजोगे जे होते ते गाईने आधीच घेतलेले असते. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हीच गोष्ट उलट बाजूने मांडली. जनावराला जे खाऊ घालता येईल तेच टाकीला घालावे, म्हणजे थोड्या मालात पुष्कळ वायू मिळेल, असा त्यांचा विचार होता. पिठूळ व गोड खरकट्यावर चालणाऱ्या त्यांच्या लहान संयंत्राला २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

परंतु शेणात एक गुण असतो, तो खरकट्यात नसतो. शेणाबरोबर त्याचे विरजणही येते. गाईच्या कोठ्यातील जीवाणूंची सगळी मंडळी त्यात तयार असते, शिवाय सहज आंबणारी साखर संपलेली असल्यामुळे शेण मंदगतीने कुजते. खरकटे भरभर कुजते, आणि संकटाचे मूळ या वेगातच आहे.

टाकीतील पचन चार टप्प्यांनी होते. पहिल्यात पिष्ट, प्रथिने व मेद यांचे लहान रेणू सुटे होतात. दुसऱ्यात त्यांपासून प्रोपिऑनिक, ब्युटिरिक इत्यादी आम्ले, अल्कोहोल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. तिसऱ्यात या आम्लांचे ॲसिटिक आम्ल होते व पुन्हा हायड्रोजन सुटतो. चौथ्यात मिथेनकारक सूक्ष्मजीव ॲसिटिक आम्लापासून, तसेच हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगापासून मिथेन करतात. पाठ्यपुस्तकांत हे चार टप्पे एकाखाली एक लिहिलेले असतात. त्यामुळे ते पायऱ्यांसारखे भासतात, आणि प्रत्येक पायरीवरचा जीव आपले काम उरकून मोकळा होतो अशी कल्पना होते. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांच्या बाबतीत ही कल्पना सर्वस्वी चुकीची आहे.

प्रोपिऑनिक आम्लाचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. त्यापासून ॲसिटिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन करण्याच्या क्रियेत, प्रमाण परिस्थितीत, एका मोलामागे सुमारे ७६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे हे काम करणारा जीवाणू पोट भरण्याऐवजी पदरमोड करील. कोणताही जीव असा धंदा करीत नाही. तथापि सुटलेला हायड्रोजन लागलीच कोणी उचलून नेला आणि त्याचा दाब वातावरणीय दाबाच्या दहा-हजाराव्या हिश्शाच्या खाली राहिला, तर हाच व्यवहार नफ्याचा होतो. हायड्रोजन उचलणारा तो कोणी म्हणजे मिथेनकारक जीव. तेवढ्या हायड्रोजनाचा मिथेन करताना सुमारे १०१ किलोज्यूल सुटतात. एकूण हिशेब मांडला तर २५ च्या आसपास किलोज्यूल शिल्लक राहतात आणि त्या तुटपुंज्या शिलकीवर दोघांना गुजराण करावी लागते. एकाशिवाय दुसऱ्याचे चालत नाही, ही या संसाराची अट आहे.

ही भागीदारी इतकी घट्ट असते की संशोधकही तिला दीर्घकाळ फसले. 'मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की' या नावाने ओळखला जाणारा, अल्कोहोलपासून मिथेन करणारा जीवाणू वर्षानुवर्षे एकच जाती म्हणून अभ्यासला जात होता. १९६७ मध्ये ब्रायंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, त्या एका नावाखाली दोन जीव नांदत होते. एक अल्कोहोलपासून हायड्रोजन करणारा, दुसरा त्या हायड्रोजनापासून मिथेन करणारा. तेव्हापासून दोन जातींमध्ये हायड्रोजन हाच देवघेवीचा माल आहे, हा सिद्धान्त मान्य झाला.

आता टाकी का बिघडते हे सांगता येईल. केळीची साल, भात, पोळ्या यांतील साखर व पिष्ट यांवर आम्लकारक जीवाणू तुटून पडतात. त्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते, मिथेनकारकांना मात्र त्यासाठी दिवस लागतात. हायड्रोजन साचतो, तो साचताच प्रोपिऑनिक आम्लाचे पुढचे रूपांतर थांबते, आम्ल साठत जाते, आणि सामू ६.५ च्या खाली घसरला की मिथेनकारकही हात आखडतात. त्यांनी हात आखडले की हायड्रोजन आणखी साचतो. घरच्या संयंत्रात याची खूण अशी की, झाकण वर आलेले असते, परंतु शेगडी पेटत नाही, कारण आत जमलेला वायू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो. त्याबरोबरच आंबूस, खवट वास सुटतो. अशा वेळी कचरा घालणे थांबवून चार-आठ दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागते. गृहिणीचा विश्वास एकदा उडाला की संयंत्र परसात गंजत पडते, आणि खरकटे पुन्हा रस्त्याकडच्या पेटीत जाते. तांत्रिक लेखांत या शेवटच्या गोष्टीची नोंद सहसा नसते. पण संयंत्र चालले की नाही, याचा निकाल पुष्कळदा तिच्यावरच लागतो.

या बिघाडावर महाराष्ट्रात दोन उपाय योजिले गेले. कर्व्यांच्या पद्धतीत रोज थोडेथोडे, बारीक केलेले खाद्य द्यावयाचे असते. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात आम्लाचा टप्पाच वेगळा काढलेला आहे. कचरा दळून, सौरबंबातील ऊन पाणी मिसळून, प्रथम हवा खेळविलेल्या पूर्वपाचक टाकीत ठेवतात आणि मग हवाबंद मुख्य टाकीत सोडतात. पहिला उपाय आम्लकारकांना आवरतो, दुसरा त्यांना निराळी खोली देतो. वाहक द्रव्यांचा उपाय आम्लकारकांच्या वाटेस जात नाही. आम्ल मोडणारा आणि मिथेन करणारा यांच्यातील देवघेवीची रीतच तो बदलतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डेरेक लव्हली यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये असे प्रसिद्ध केले की, जिओबॅक्टर कुलातील दोन जाती एकत्र वाढविल्या असता त्या वीजवाहक पुंजके करून राहतात आणि एकीकडून दुसरीकडे इलेक्ट्रॉन थेट जातात. मध्ये हायड्रोजनाची गरज पडत नाही. २०१४ मध्ये अशीच देवघेव जिओबॅक्टर आणि ॲसिटिक आम्लावर जगणारा एक मिथेनकारक यांच्यातही दाखविण्यात आली. हायड्रोजनाच्या मार्गात रेणू तयार व्हावयाचा, पाण्यातून पसरत जावयाचा आणि पलीकडच्याने तो मोडून त्यातील इलेक्ट्रॉन घ्यावयाचे. थेट मार्गात इलेक्ट्रॉन तेवढे जातात. इलेक्ट्रॉन जातात ते पेशीतून निघणाऱ्या तंतूंवाटे. हे तंतू केवळ पिलीप्रथिनांचे असतात असे आधी मानले जाई. २०१९ मध्ये त्यांपैकी एका प्रकारच्या तंतूची रचना उलगडली, तेव्हा तो लोहयुक्त सायटोक्रोमच्या साखळीचा निघाला. वाद अद्याप मिटलेला नाही, परंतु येथील मुद्द्याला त्याने बाध येत नाही.

या क्रियेला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न वरवर गौण वाटतो, पण तसा तो नाही. 'आंतरजातीय' हे विशेषण तयार आहे. मात्र मराठीत त्याच्यापुढे 'विवाह' हा शब्द इतका पक्का बसला आहे की वाचकाचे लक्ष भलतीकडे जावयाचे. 'दोन जातींमधील थेट इलेक्ट्रॉन-संक्रमण' हे लांब, परंतु निर्धोक. अधिक अडचण 'वाहक' या शब्दाची आहे. एस.टी.तला वाहक, रोगाचा वाहक आणि विजेचा वाहक, या तिघांनाही मराठी एकच शब्द लावते. प्रस्तुत विषयात तर ज्यांत भेद करावयाचा ते दोन्ही याच शब्दात सामावतात. हायड्रोजन हाही इलेक्ट्रॉनांचा वाहकच आहे, पण तो ओझे उचलून स्वतः चालत जाणारा हमाल आहे. कोळशाचा कण जागचा हलत नाही, त्याच्या अंगावरून इलेक्ट्रॉन जातात. पहिल्यास 'वाहून नेणारा' आणि दुसऱ्यास 'वीजवाहक' असे दरवेळी सांभाळून म्हटले नाही, तर विद्यार्थ्याची समजूत घोटाळते. कोळसा हायड्रोजन शोषून घेतो व पलीकडे पोचवितो, असे चुकीचे स्पष्टीकरण ऐकू येते त्याचे कारण हेच. 'पूरक' हा शब्दही असाच निसरडा आहे, कारण त्यात पूरक आहाराची छाया आहे. कोळसा टाकीचे खाद्य नव्हे आणि विरजणही नव्हे.

दोन जीवांना तंतू काढून एकमेकांशी जोडून घेण्यास वेळ व प्रथिने खर्चावी लागतात. तयार वाहक पृष्ठभाग मिळाला तर दोघेही त्याला चिकटून राहतात आणि तंतूंचे काम तो पृष्ठभागच करतो, अशी या उपायामागील उपपत्ती आहे. दाणेदार सक्रियित कोळशाने ही देवघेव वाढते असे २०१२ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी जपानमधील कातो, हाशिमोतो व वातानाबे यांनी भातखाचरातील मातीचे सूक्ष्मजीव घेऊन लोहाच्या तीन खनिजांची तुलना केली. वीजवाहक मॅग्नेटाइट आणि अर्धवाहक हेमॅटाइट यांनी मिथेननिर्मिती लवकर सुरू झाली. फेरिहायड्राइट या अवाहक खनिजाने झाली नाही. तिन्ही लोहाचीच, म्हणून हा फरक लोहाच्या पोषणाचा नसून वाहकतेचा, असा निष्कर्ष त्यातून निघतो. कार्बनच्या कापडाबरोबर सुती कापड लावून केलेली तुलनाही याच धर्तीची होती.

२०१४ मधील जैवकोळशाच्या प्रयोगाने मात्र एक कोडे उभे केले. लाकूडफाटा वा पालापाचोळा अपुऱ्या हवेत जाळून केलेल्या या कोळशाची वाहकता सक्रियित कोळशाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाएवढीच भरली, तरीही परिणाम जवळपास तेवढाच मिळाला. म्हणजे वाहकता हे एकच माप पुरेसे नाही. जैवकोळशाच्या पृष्ठभागावरील क्विनोनसारखे गट इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा देऊ शकतात, आणि कदाचित त्यांचाही यात हात असावा. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट सोयीची आहे. सक्रियित कोळसा विकत आणावा लागतो; करवंटीचा किंवा उसाच्या पाचटाचा कोळसा गावात करता येतो. पाचटापासून कोळसा करण्याच्या भट्टीसाठी 'आरती'लाच २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळालेला होता. एकाच संस्थेच्या आवारात कोळसा आणि खरकट्याचा वायू शेजारी-शेजारी नांदत होते, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल हे जगाला आणखी दहा वर्षांनी कळावयाचे होते.

आता मर्यादा. मिथेन किती निघू शकेल हे खाद्यातील ऊर्जेने ठरते. एक किलो रासायनिक प्राणवायू-मागणीमागे ०.३५ घनमीटर मिथेन ही वरची सीमा आहे, आणि कोळसा ती ओलांडू शकत नाही. म्हणून 'वायूत इतके टक्के वाढ' असे वाचले की पहिला प्रश्न विचारावा तो असा : कोणत्या दिवशी मोजली? दहाव्या दिवशी दिसणारी मोठी वाढ चाळिसाव्या दिवशी बरीचशी नाहीशी होते, कारण साधी टाकीही सावकाश तेथवर पोचते. वाहक द्रव्याचा खरा लाभ आरंभीचा रेंगाळलेला काळ तोडण्यात आणि अधिक खाद्य घातले तरी टाकी आंबू न देण्यात आहे. हा लाभ लहान नव्हे. ज्या टाकीला रोज नवे खाद्य मिळते तिला चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबण्याची सवडच नसते. धातुरूप लोहाच्या चुऱ्याची गोष्ट वेगळी. तो पाण्यात गंजताना स्वतःच हायड्रोजन देतो, आणि त्याचाही मिथेन होतो. ती वाढ लोहाची किंमत मोजून विकत घेतलेली असते.

दुसरी मर्यादा पुराव्याची आहे. शुद्ध संवर्धनांतील निर्विवाद पुरावा मुख्यत्वे एथेनॉलवर आधारलेला आहे. खरकट्याच्या टाकीत शेकडो जाती असतात आणि कित्येकदा जिओबॅक्टर त्यांत फारसे आढळतही नाहीत. तेथे कोळशाने सुधारणा झाली, एवढ्यावरून ती इलेक्ट्रॉनांच्या थेट संक्रमणामुळेच झाली असे म्हणता येत नाही. कोळसा अमोनिया धरून ठेवतो, त्याची राख आम्ल मारते, त्याची छिद्रे मंद वाढणाऱ्या जीवांना वाहून जाऊ देत नाहीत. मॅग्नेटाइटचे लोह सल्फाइडला बांधते. खरकट्यात कोबाल्ट, सेलेनियम यांसारखी सूक्ष्म द्रव्ये अपुरी पडतात हेही ठाऊक झालेले आहे, तेव्हा ती पुरविणारी कोणतीही माती गुणकारी ठरू शकेल. शेतकऱ्याला कारणाशी कर्तव्य नसेल, परंतु संशोधकाला ते टाळता येणार नाही, कारण कारणावरूनच कोणता पदार्थ निवडावा हे ठरावयाचे असते.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. प्रयोगशाळेत लिटरला १० ग्रॅम कोळसा ही काही अवाजवी मात्रा नव्हे. १,००० लिटरच्या घरगुती टाकीस त्या मानाने १० किलो लागेल. रोज २० लिटर नवा काला आत जातो तेव्हा तितकाच बाहेर पडतो. कोळशाची पूड त्यात सारखी मिसळलेली असेल तर रोज २०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ७३ किलो, निघून जाईल. ही भरपाई कोणी करणार नाही. म्हणून पूड न वापरता जाड दाणे घ्यावेत, किंवा ते जाळीच्या पिशवीत भरून टाकीत टांगावेत. मॅग्नेटाइट लोहचुंबकाने परत मिळविता येते, परंतु घरगुती टाकीपाशी हा खटाटोप कितपत होईल याची शंका आहे. बाहेर पडणारी स्लरी वाडीतल्या भाजीला जावयाची असल्याने, ज्यात जड धातू असतील असा कारखान्यातील टाकाऊ चुरा स्वस्त म्हणून वापरणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. लोणारी कोळशाची अशी भीती नाही. तो मातीत गेला तर मातीला चांगलाच.

शिवाय द्रव्य घालण्याआधी मिश्रण सुधारावे. केळीच्या सालीत नत्र कमी, म्हणून ती आंबते. मासळीच्या कचऱ्यात नत्र जास्त, म्हणून त्याच्या टाकीत अमोनिया साचतो. आगाशीची साल आणि अर्नाळ्याचा कचरा योग्य प्रमाणात एकत्र केले तर दोहोंचे दोष पुष्कळ अंशी परस्परांना मारतील, आणि मग कोळशाला जे करावयाचे उरेल ते किती, हे प्रामाणिकपणे मोजता येईल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हवाबंद बाटल्यांच्या चार जोड्या पुरतात. चोहोंत चालू संयंत्रातील काल्याचे विरजण सारखेच घालावे. पहिलीत साल व मासळीचे मिश्रण, दुसरीत तेच मिश्रण आणि कोळशाचे दाणे, तिसरीत तेच मिश्रण आणि तितक्याच आकाराची विटेची खडी, चौथीत खाद्य न घालता नुसता कोळसा. वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेऊन कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा, उरलेला मिथेन पाणी सारून मोजावा, आणि वाचन रोज घ्यावे, केवळ अखेरच्या दिवशी नव्हे. दुसरी व तिसरी जोडी बरोबरीने चालल्या तर श्रेय वाहकतेचे नसून आसऱ्याला मिळालेल्या पृष्ठभागाचे आहे. आणि विटेची खडी कोळशापेक्षा स्वस्त पडते.